‘अजून नाही’ म्हणजे नापास नव्हे

आठ दिवस खपून लिहिलेला निबंध तपासून परत आला आहे. गुणांच्या रकान्यात आकडा शोधावा, तर तिथे दोनच शब्द आहेत : ‘अजून नाही’. खाली प्राध्यापकांनी चार ओळी लिहिल्या आहेत आणि निबंध पुन्हा पाठवण्याची तारीख दिली आहे. आपल्याकडे शिकलेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. पेपर एकदाच, गुण एकदाच, आणि मिळाले ते कायमचे, हे दहावीपासून आपल्या अंगात मुरलेले असते.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत वाचन-लेखनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेणाऱ्या अनेकांना हा शेरा भेटतो. कोणी नोकरी सांभाळून शिकत असते, कोणी मुले शाळेत गेल्यावर अभ्यासाला बसते, कोणी नुकतेच त्या देशात आलेले असते. त्यांत मराठी घरांतली माणसेही आहेत. या पद्धतीला ‘मास्टरी ग्रेडिंग’ म्हणतात. कौशल्य हाती येईपर्यंत संधी द्यायची आणि ते आल्यावरच त्याची नोंद करायची, हे तिचे सूत्र. ती कशी चालते, हे नीट समजले तर शेऱ्याची धास्ती जाते आणि त्याचा उपयोग सुरू होतो.

हा अभ्यासक्रम कशासाठी असतो

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणारे, फी तुलनेने कमी असलेले सार्वजनिक कॉलेज. एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजे आहेत. इथे दोन वर्षे करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येते. पण त्या वाटेवर इंग्रजी वाचन-लेखनाचा अभ्यासक्रम पार करावाच लागतो.

पूर्वी प्रवेशाच्या वेळी एक चाचणी होई. तीत कमी पडलेल्यांना आधी ‘पूर्वतयारी’चे वर्ग करावे लागत, कधी एकामागून एक दोन-तीन सत्रे. ते वर्ग पदवीकडे धरले जात नसत. त्या साखळीतच कितीतरी जण गळून जात. 2007 साली बाल्टिमोर परगण्याच्या कम्युनिटी कॉलेजने वेगळी वाट काढली : विद्यार्थ्याला थेट मुख्य वर्गात बसवायचे आणि सोबतीला मदतीचा जादा तास द्यायचा. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये ‘एबी 705’ हा कायदा करून कॉलेजांना बजावले, की विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठ-पातळीचे इंग्रजी पूर्ण करील अशी शक्यता जास्तीत जास्त वाढेल, याच रीतीने त्याला वर्ग द्या. त्यामुळे एकाच वर्गात फार वेगवेगळी तयारी असलेली माणसे एकत्र आली. त्या सगळ्यांना एकाच दिवशी एकाच पट्टीने मोजणे किती अपुरे आहे, हे शिक्षकांना रोज दिसू लागले.

सरासरी काय लपवते

चार निबंधांचे गुण घेऊ. एका विद्यार्थिनीला 40, 55, 70 आणि 90 मिळाले. दुसऱ्याला 64, 64, 64 आणि 63. दोघांची बेरीज 255, सरासरी 63.75. अमेरिकेतल्या नेहमीच्या मोजपट्टीवर दोघांनाही ‘डी’. पण सत्र संपताना पहिलीला निबंध लिहिता येतो. दुसरा जिथे होता तिथेच आहे. सरासरीने पहिलीच्या शिकण्यालाच दंड केला, कारण ती सुरुवातीला शिकलेली नव्हती!

शून्याचा मार याहून मोठा. तीन निबंधांना 90 आणि मूल आजारी पडल्यामुळे राहून गेलेल्या चौथ्याला शून्य : सरासरी 67.5, पुन्हा ‘डी’. हा आकडा लेखनाबद्दल काहीच सांगत नाही. एका वाईट आठवड्याबद्दल सांगतो.

या विचाराला जुना आधार आहे. जॉन कॅरोल यांनी 1963 मध्ये मांडले, की कुवत म्हणजे एखादी गोष्ट शिकायला माणसाला लागणारा वेळ. शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये त्यातून पुढचे पाऊल टाकले : सगळ्यांना सारखा वेळ दिला, तर यश कमीजास्त होणारच, त्याऐवजी यशाची पातळी पक्की ठेवू आणि वेळ व मदत कमीजास्त करू. त्याच वर्षी फ्रेड केलर यांनी विद्यार्थ्याने आपल्या गतीने एकेक घटक पक्का करत जाण्याची रीत मांडली. लिंडा निल्सन यांचे 2015 चे पुस्तक आल्यावर ही कल्पना कॉलेजातल्या प्राध्यापकांपर्यंत नव्या रूपात पोहोचली : कामाच्या अटी आधी स्पष्ट लिहा, अटी पूर्ण तर काम मान्य, नाहीतर दुरुस्त करून परत.

आठवडा कसा जातो

हे वर्ग बहुधा ठरावीक वेळी एकत्र बसण्याचे नसतात. ‘कॅनव्हास’सारख्या प्रणालीवर दर आठवड्याचे घटक उघडतात : एक-दोन लेख, छोटे व्हिडिओ, चर्चेचा प्रश्न, लेखनाचे काम. रात्री अकराला बसा की पहाटे पाचला, मुभा आहे. पहिल्याच आठवड्यात एखादे छोटे हजेरीचे काम असते. ते केले नाही, तर ‘आलाच नाही’ असे धरून नाव कमी होऊ शकते, म्हणून ते पहिल्याच दिवशी उरकावे.

वेळेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. कॅलिफोर्नियात एका युनिटमागे, म्हणजे एका श्रेयांकामागे, सत्रभरात किमान 48 तासांचे काम धरतात. चार युनिटांचा अभ्यासक्रम म्हणजे 192 तास. सोळा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला बारा. तोच अभ्यासक्रम आठ आठवड्यांत घेतला, तर चोवीस. ‘घरबसल्या आहे, होईल सहज’ म्हणून आठ आठवड्यांचा वर्ग निवडणाऱ्यांची इथेच दमछाक होते.

पहिल्या दिवशी सिलॅबस पूर्ण वाचावा. त्यात कौशल्यांची यादी असते. शब्द बदलतात, पण गाभा साधारण असा : लेखकाचे मुख्य म्हणणे आपल्या शब्दांत सांगणे, म्हणणे आणि त्याचा पुरावा वेगळा ओळखणे, मत न मिसळता सारांश लिहिणे, वाद घालता येईल असे स्वतःचे विधान मांडणे, एका परिच्छेदात एकच मुद्दा धरणे, अवतरण वाक्यात नीट गुंफणे आणि स्रोत देणे, वाक्य कुठे संपते हे ओळखणे. प्रत्येकापुढे ‘जमले’, ‘जवळ आले’ किंवा ‘अजून नाही’ अशी नोंद होत जाते. यादी छापून भिंतीला लावावी. गुण नसलेल्या वर्गात आपण कुठे आहोत, हे तीच सांगते.

वाचनालाही इथे काम मानतात. लेखाच्या समासात टिपणे करून ती दाखवायची असतात. बऱ्याच वर्गांत सगळे जण एकाच लेखाच्या समासात लिहितात आणि एकमेकांची टिपणे वाचतात. दोन रकान्यांची वहीही चालते : डावीकडे लेखातले वाक्य, उजवीकडे आपला प्रश्न, शंका किंवा उत्तर. ही उजवी बाजू रिकामी राहिली, तर पुढे निबंधात लिहायला काही सापडत नाही.

एका परिच्छेदाचा प्रवास

एक उदाहरण घेऊन ही रीत पाहू. कॅलिफोर्नियात 2019 मध्ये कायदा झाला आणि 2022 पासून तिथल्या बहुतेक हायस्कुलांना सकाळी साडेआठच्या आधी वर्ग भरवता येत नाहीत. या विषयावर निबंध लिहायचा आहे.

पहिल्या खर्ड्यात विद्यार्थिनी लिहिते : ‘झोप सर्वांसाठी फार महत्त्वाची असते.’ शेरा : ‘अजून नाही. हे कोणालाच अमान्य नाही. तुमच्याशी वाद कोण घालील?’ ती विचार करते. शाळा उशिरा भरली, तर कामावर लवकर जाणाऱ्या आईवडिलांनी मुलाला सोडायचे कसे? इथे वाद आहे. दुसऱ्या खर्ड्यात येते : ‘पालकांची सकाळची गैरसोय खरी असली, तरी हायस्कूल साडेआठनंतरच भरवावे, कारण अपुऱ्या झोपेची किंमत मुलांच्या आरोग्याला मोजावी लागते.’ विधानापुढे नोंद होते : ‘जमले’.

पण परिच्छेदाचे अजून अडलेले आहे. तिने लिहिले आहे, की अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये साडेआठ किंवा त्यानंतरच्या वेळेची शिफारस केली, आणि तिथेच परिच्छेद संपवला आहे. शेरा : ‘पुरावा ठेवलात; त्यातून काय सिद्ध होते, ते वाचकावर सोडलेत.’ तिसऱ्या खेपेला ती दोन वाक्ये वाढवते : ही शिफारस शाळांच्या सोयीचा विचार करणाऱ्यांची नसून मुलांवर उपचार करणाऱ्यांची आहे, म्हणून वेळापत्रक हा आरोग्याचा प्रश्न ठरतो. आता पुरावा आणि विधान यांच्यामध्ये पूल आला.

या प्रवासात विद्यार्थिनीने संपूर्ण निबंध तीनदा लिहिला नाही. प्रत्येक वेळी एका नेमक्या गोष्टीला हात घातला. पहिल्या खर्ड्याला 55 गुण देऊन विषय बंद केला असता, तर तो पूल तिने बांधलाच नसता. लिहिणे शिकण्यात पुन्हा लिहिणे हेच मुख्य काम असते, आणि ही पद्धत त्या कामाला अभ्यासक्रमात हक्काची जागा देते. म्हणून ती मला न्याय्य वाटते.

पुन्हा पाठवताना बहुधा सोबत एक छोटी चिठ्ठी मागतात : काय बदलले, आणि का? ती टाळू नये. ‘शुद्धलेखन सुधारले’ एवढेच लिहिता आले, तर समजावे की मूळ शेऱ्याला अजून हात लागलेला नाही.

शेवटी अक्षर कसे मिळते

गुणपत्रिकेवर ए, बी, सी लागतेच. विद्यापीठे तीच पाहतात. ते ठरते साध्य झालेल्या कामांच्या संचावरून. समजा दहा कौशल्ये आणि चार निबंध आहेत. सी-साठी सात कौशल्ये आणि तीन मान्य निबंध, बी-साठी आठ कौशल्ये आणि चारही निबंध, ए-साठी नऊ कौशल्ये, चारही निबंध आणि शेवटचे आत्मपरीक्षणाचे पत्र, अशी मांडणी असू शकते. प्रत्येक प्राध्यापकाचा हिशेब निराळा. पण तो पहिल्या दिवशी लेखी मिळतो.

कित्येक वर्गांत सुरुवातीला तीन-चार ‘टोकन’ मिळतात. एक खर्चून दोन दिवसांची मुदतवाढ घ्यावी, किंवा जादा पुनर्लेखन. कारण विचारले जात नाही. ही टोकने पहिल्या महिन्यात उधळू नयेत. शेवटच्या निबंधाच्या वेळी त्यांची खरी गरज पडते.

कुठे अडते

सर्वांत मोठा धोका चालढकलीचा. केलर यांच्या पद्धतीतही आपल्या गतीने जा म्हटल्यावर बरेच विद्यार्थी मागे रेंगाळत. म्हणून आताच्या वर्गांत पुनर्लेखनाला मुदत असते, बहुधा शेरा आल्यापासून आठवडाभराची. ती गेली की खिडकी बंद. पहिल्या निबंधाचे पुनर्लेखन राहिले आणि दुसरा येऊन बसला, की कामाचा डोंगर होतो.

मराठीत शिकून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या काही खास अडचणी असतात. आपल्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात किंवा नको तिथे येतात. मराठीत स्वल्पविराम देत देत वाक्य लांबवले तरी खपते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, की चूक धरतात. शाळेतला आपला निबंध सुविचाराने सुरू होऊन सावकाश मुद्द्यावर येई. इथे मुद्दा पहिल्या परिच्छेदातच हवा असतो. आणि गाईडमधले उत्तर शब्दशः लिहिले, की शाबासकी मिळे. इथे दुसऱ्याचे वाक्य स्रोत न देता वापरणे हा गंभीर गुन्हा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेण्याबद्दलचे नियम प्रत्येक वर्गात वेगळे असतात, ते वाचावेत. पण ज्या वर्गात चुकायची मुभा आहे, तिथे उसने वाक्य आणले, तर शेरा त्या उसन्या वाक्यालाच मिळतो आणि आपले इंग्रजी होते तिथेच राहते.

शिक्षकाशी बोलायला संकोचू नये. अमेरिकेत ऑनलाइन वर्गाला केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य लागू व्हायचे, तर प्राध्यापकांचा विद्यार्थ्यांशी नियमित आणि अर्थपूर्ण संवाद हवा, असा नियम आहे. ‘ऑफिस अवर्स’, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळा, त्यासाठीच असतात, बहुधा झूमवर. ‘सरांना कशाला त्रास’ हा आपला विचार इथे आपल्याच आड येतो. ‘प्रोफेसर, तुमच्या दुसऱ्या शेऱ्यात पुरावा वाचकावर सोडला, असे म्हटले आहे. ते माझ्या कोणत्या वाक्याबद्दल?’ एवढा नेमका प्रश्न नेला, तर दहा मिनिटांत गाठ सुटते.

म्हणून ‘अजून नाही’ पाहिल्यावर त्या रात्री काही दुरुस्त करू नये. शेरा एकदा वाचून संगणक बंद करावा. दुसऱ्या दिवशी तोच शेरा हाताने वहीत उतरवावा, त्याखाली आपला परिच्छेद उतरवावा, आणि शेरा ज्या वाक्याला लागू आहे, त्याच्याखाली रेघ मारावी. काम त्या रेघेपासून सुरू होते. सत्राच्या अखेरीस आत्मपरीक्षणाचे पत्र लिहिताना पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवायचे असतात. तेव्हा ही वही उघडावी. दोन खर्ड्यांमध्ये आपण नेमके काय शिकलो, ते त्या रेघांवरून दिसते.