मॉकचे मार्क आणि तारमास्तरांचा आलेख

‘क्लॅटच्या मॉकमध्ये ६० ते ७०च्या मध्येच घुटमळतेय. अभ्यास वाढवला तरी मार्क हलत नाहीत. क्रॅश कोर्स लावू का?’ एका वाचक विद्यार्थिनीचा हा प्रश्न.

आधी गणित. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या या परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. सगळे सोडवून ७५ बरोबर आले, तर गुण पावणेचौसष्ट. तयारी तसूभरही न बदलता दुसरा पेपर दिला, तरी पाच-सहा उत्तरं निव्वळ योगायोगानं इकडची तिकडे होतात, आणि प्रत्येकामागे फरक सव्वा गुणाचा. म्हणजे ५७ आणि ७० हे एकाच तयारीचे आकडे असू शकतात. किलोभर चुकणाऱ्या काट्यावर उभं राहून दोनशे ग्रॅम घटले का बघावं, तसं हे. चार-पाच मॉकची सरासरी धरा. (पडलेल्या मॉकनंतर क्रॅश कोर्स लावला आणि मार्क वाढले? त्यातले बरेच कोर्स न लावताही वर आले असते. जाहिरातीत हे छापत नाहीत.)

सरासरीही हलत नसेल, तर मात्र अमेरिकेतल्या तारमास्तरांकडे वळायला हवं. इंडियाना विद्यापीठातल्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारयंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख छापले. ब्रायन पुढे त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. हार्टरचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. पण तारमास्तराचं काम स्वतः केलेला माणूस तोच! नेमकं काय मोजायचं, हे त्यालाच ठाऊक असणार. त्यांना दिसलं असं की संदेश पाठवण्याचा वेग सरळ वाढत जातो, घेण्याचा मात्र मध्येच अडतो (आलेखात तिथे पठार दिसतं) आणि बऱ्याच काळानं पुन्हा उसळी घेतो. नवशिका कट्ट-कडकट्टमधून एकेक अक्षर वेचतो. मुरलेला तारमास्तर अख्खे शब्द, वाक्प्रचार ऐकतो. कानावर पुढचा मजकूर पडत असताना त्याचा हात काही शब्द मागचं निवांत लिहीत असतो. दोघांचं म्हणणं असं, की अक्षरं आणि शब्द अंगवळणी पडेपर्यंत वरच्या पायरीसाठी लक्ष मोकळंच होत नाही.

क्लॅटमधल्या विधी तर्काच्या उताऱ्यात हेच होतं. नियम एकदा वाचायचा, प्रश्न वाचायचा, ‘परंतु’नंतरचा अपवाद शोधायला पुन्हा वर जायचं. तेव्हा मॉक संपल्यावर उत्तरतालिका उघडण्याआधी तोच पेपर घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. गुण भरघोस वाढले, तर कमी पडतोय तो वाचनाचा सराव. तेवढेच राहिले, तर तर्क किंवा माहितीच कच्ची आहे. दोन्हींवरचा इलाज वेगळा.

ब्रायन-हार्टरचं ते पठार मात्र पुढच्या अभ्यासकांना दर वेळी सापडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना तारेची मोर्स लिपी शिकवण्याची पद्धत बसवणारे फ्रेड केलर यांनी तर १९५८ मध्ये ते पठार भासच ठरवलं. त्यांच्या वर्गात ध्वनी वाजायचा, शिकणाऱ्यानं अक्षर लिहायचं, आणि लगेच शिक्षक ते अक्षर मोठ्यानं सांगायचा. चूक त्याच क्षणी कळायची. आपल्याकडे मॉकची उत्तरं तपासायला रविवार उजाडावा लागतो.