पोती उचला, पण हिशेबाने

छत्तीसगडच्या सीमेलगत, राष्ट्रीय महामार्ग 53 वरचा देवरी हा धानाचा तालुका. आदिवासी विकास महामंडळ इथे आधारभूत किमतीने धान खरेदी करतं, आणि पोत्यांचा भार हमालांच्या पाठीवर पडतो. ट्रॅक्टरच्या लोडरला पॅलेट फोर्क, म्हणजे पॅलेटखाली सरकणारे काटे, जोडले तर ती पाठ नक्कीच वाचेल.

40 किलोची 25 पोती म्हणजे 1 टन. त्यात पॅलेटचं आणि फोर्कच्या सांगाड्याचं वजन मिळवायचं. माहितीपत्रकातली उचलक्षमता बहुधा लोडरच्या बाहूच्या टोकाला, पिनेपाशी मोजलेली असते. भार तिथून पुढे सरकला की ती घटते. म्हणूनच 1 टनाचा लोडर ही 25 पोती उचलेल, असं गृहीत धरणं धोक्याचं.

फोर्कची लांबी भाराच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश हवी.

ट्रॅक्टरच्या मागे पुरेसं वजन नसेल तर मागची चाकं हलकी होतात, ब्रेकची पकड सुटते. चालवताना भार जमिनीलगत आणि फोर्कची टोकं किंचित वर ठेवावीत. ज्या फोर्कची जाडी त्याच्या काटकोनी वळणाशी 10 टक्के झिजली आहे, तो सरळ बाद करावा. उचललेल्या भाराखाली मात्र कुणालाही, क्षणभरही, उभं राहू देऊ नका.