न घेतलेल्या कराची किंमत
तिजोरीची किल्ली : लेखांक ५

राष्ट्राध्यक्षांच्या खर्चावर टीका करायची म्हटले की बोट चटकन महाल, विमाने आणि परदेशवाऱ्यांकडे वळते. श्रीलंकेच्या गोटाबाया राजपक्षे यांच्या बाबतीत असे केले तर मुख्य गोष्टच निसटते. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महागडा निर्णय खर्चाच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. तो कर माफ करण्याचा निर्णय होता.

अंदाजपत्रक संसदेपुढे येते, पण त्याचा कल अध्यक्षांच्या दालनात ठरतो, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. या वेळी त्याच दालनात ठरलेल्या तीन गोष्टी पाहू: काय गोळा करायचे नाही, काय आयात करायचे नाही आणि कुणाचे पैसे आधी द्यायचे.

गोटाबाया १६ नोव्हेंबर २०१९ रोजी निवडून आले आणि दोन आठवड्यांत करकपात जाहीर झाली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. ‘राष्ट्रउभारणी कर’ रद्द झाला. पगारातून सक्तीने होणारी आयकराची कपात थांबली. मूल्यवर्धित कराच्या नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा होती १ कोटी २० लाख रुपये. ती एकदम ३० कोटींवर गेली. म्हणजे दर तर उतरलाच, पण अनेक कर भरणारेही जाळ्यातून मोकळे झाले. आयकरातील बदलांचा कायदा संसदेत मंजूर व्हायला मात्र मे २०२१ उजाडला. तोवर सगळा कारभार नुसत्या सूचनांवर चालला होता.

हे सारे जाहीरनाम्यात होते आणि लोकांनी त्यालाच मते दिली, असा बचाव केला जातो. तो खोटा नाही. पण तेव्हाचे अर्थमंत्री मंगला समरवीर यांनी निवडणुकीआधीच बजावले होते की या आश्वासनांनी देशाचे दिवाळे निघेल. इशारा सर्वांसमोर होता. तो ऐकणे ऐच्छिक होते.

परिणाम आकड्यांत पाहा. करांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२ टक्के होते. दोन वर्षांत ते ८ टक्क्यांच्याही खाली घसरले. २०१९ च्या ईस्टरला झालेले बॉम्बस्फोट आणि पुढे कोविड यांमुळे पर्यटन झोपले होते. पण उत्पन्नाचा उरलासुरला आधार श्रीलंकेने महासाथीआधीच आपणहून सोडला होता. सरकारी महसुलाच्या दर १०० रुपयांतले ७० हून अधिक रुपये नुसत्या व्याजात जाऊ लागले. उरलेल्या तिसाला पगार, निवृत्तिवेतन, औषधे, शाळा असे सगळे दावेदार. त्यातच हजारो बेरोजगार पदवीधरांची सरकारी भरती झाली. पतमापन संस्थांनी मानांकन उतरवले आणि परदेशी रोखेबाजाराचे दार बंद झाले. मग मध्यवर्ती बँकेने नोटा छापून तूट भरली.

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. रुपये छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. इंधन, गॅस, औषधे, दूधभुकटी हे सारे डॉलरमध्ये येते. २०१९ अखेर साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास असलेली गंगाजळी २०२२ च्या मार्चमध्ये दोन अब्जांच्या आत आली होती.

दुसरा निर्णय याच टंचाईच्या सावलीत झाला. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी जाहीर झाली आणि मेमध्ये ती लागू झाली. कारण सांगितले गेले आरोग्याचे आणि पर्यावरणाचे. पण खतांच्या आयातीवर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जातात, हेही अध्यक्षांनी बोलून दाखवले होते. सेंद्रिय शेतीला विरोध करायचे कारण नाही. प्रश्न आहे तो एका हंगामात सारा देश तिकडे वळवण्याचा. जमीन सुधारायला वर्षे लागतात आणि तेवढे सेंद्रिय खत देशात नव्हतेच. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली, पण तोवर भाताचा मोठा हंगाम हातचा गेला होता. २०२१ मध्ये सुमारे ५१ लाख टन असलेले भाताचे उत्पादन २०२२ मध्ये ३४ लाख टनांवर आले. तांदळात जवळजवळ स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करू लागला, तोही डॉलर मोजूनच. आवळा वाचवताना कोहळा गेला.

तिसरा निर्णय सर्वांत कमी चर्चिला जातो. जानेवारी २०२२ मध्ये रोख्यांची मुदत संपत होती आणि गंगाजळी आटत होती. कर्जाची फेररचना करा, नाणेनिधीकडे जा, असे अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते. सरकारने १८ जानेवारीला ५० कोटी डॉलर रोखेधारकांना पोहोचते केले. पत टिकवायची होती. तीन महिन्यांनी, १२ एप्रिलला, सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे जाहीर केले आणि पतही गेली. एव्हाना पेट्रोलपंपांसमोर रांगा लागल्या होत्या, रुग्णालयांत औषधे मिळेनाशी झाली होती. प्राधान्यक्रम खरा कळतो तो असा: टंचाईत पहिला धनादेश कुणाच्या नावे निघतो, यावरून.

९ जुलैला लोक अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. चार दिवसांनी गोटाबाया मालदीवला गेले आणि सिंगापूरहून त्यांनी राजीनामा धाडला. सप्टेंबरमध्ये कोलंबोतील महागाईचा वार्षिक दर ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला. मूल्यवर्धित कर गोटाबाया यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस १२ टक्के झाला होता. नंतरच्या सरकारने तो आधी १५ आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के केला. २०१९ मध्ये माफ झालेला कर अशा रीतीने चढत्या दराने वसूल झाला. आणि हा कर वस्तूंवर असल्याने तो गरिबांनीही भरला.

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने निकाल दिला की गोटाबाया, त्यांचे भाऊ महिंदा व बासिल राजपक्षे आणि काही उच्चपदस्थांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला. नुकसानभरपाई ठरवली नाही. याचिकाकर्त्यांना दाव्याच्या खर्चापोटी दीड लाख रुपये तेवढे मिळाले. धोरणातील चूक म्हणजे गुन्हा नव्हे, हे तत्त्व रास्तच आहे. पण विचारलेला सल्ला, मिळालेला इशारा आणि तो डावलण्याचे कारण यांची लेखी नोंद संसदेपुढे ठेवणे बंधनकारक असते, तर करमाफीची किंमत दोन आठवड्यांत नव्हे, निदान चर्चेनंतर ठरली असती. खर्चाला मंजुरी लागते, मग महसूल सोडून देण्याला का लागू नये?

पुढील आठवड्यात उलटी बाजू : संसदेने मंजूर केलेला पैसा खर्चच न करणारे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांना वेसण घालणारा १९७४ चा कायदा.