बाळाचे निमित्त

रावळपिंडीच्या ग्रामीण भागात ‘तुमच्या गरोदर सुनेला नैराश्य आहे’ असे सांगायला कुणी गेले असते, तर सासूने बहुधा दुसऱ्यांदा दार उघडले नसते. डॉ. अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी म्हणून आजाराऐवजी बाळाला पुढे केले. बाळ धडधाकट व्हावे, याला कुणाची ना असणार? आधीपासूनच घरोघर फिरणाऱ्या, शाळेपुरत्या शिकलेल्या आरोग्यसेविकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून सोळा भेटी. ‘माझ्या हातून काय होणार’ हा मनात घर करून बसलेला विचार आईबरोबर उलगडून पाहायचा, घरच्यांनाही त्यात घ्यायचे.

२००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या आयांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. अप्रशिक्षित सेविकांच्या तितक्याच भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. म्हणजे नुसती विचारपूस पुरली नव्हती. बाळांचा अतिसार घटला, लसीकरण वाढले. वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही. गरिबीवर बोलण्याचा उपाय चालत नाही.

पुढे ही पद्धत गोव्यात आली, तेव्हा घरी जाणाऱ्या बायका आरोग्यसेविकाही नव्हत्या. त्यांना ‘सखी’ म्हणत.