पितळेवर जस्ताचा थर : शोध की नुसती कल्हई?

आपल्या आई-आजीला पेटंट हा शब्द माहीत नव्हता. पण पितळेच्या भांड्याला कल्हई का करायची, हे पक्के ठाऊक होते. गल्लीत कल्हईवाला आला की घराघरांतून पातेली बाहेर निघत. भाता चाले, नवसागराचा धूर निघे आणि भांड्याच्या आत कथलाचा पांढरा थर चढे. मग आंबट वरण-ताक कळकत नसे.

ही आठवण निघाली ती भोसरीतल्या एका तरुणामुळे. तो आमच्या वस्तीतला. आयटीआय करून एका टूलरूममध्ये वायरकट मशीन चालवतो. त्याने आम्हांला विचारले, "काका, साध्या पितळी तारेपेक्षा ही जस्त चढवलेली तार महाग मिळते. तिचे म्हणे पेटंट असते. पितळेवर दुसरा धातू चढवणे हा शोध कसा? ते तर कल्हईवालाही करीत होता!"

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे कारकून. मशीन त्याने समजावले, कायदा आम्ही वाचला. दोन्ही जमेल तसे येथे मांडतो.

वायरकटमध्ये तार लोखंडाला टेकत नाही. तार साधारण पाव मिलिमीटर जाडीची. तार आणि पोलादाचा तुकडा यांच्यामध्ये केसाएवढी फट, त्या फटीत क्षार काढलेले पाणी आणि त्यातून सेकंदाला हजारो ठिणग्या. प्रत्येक ठिणगी पोलादाचा कण वितळवून उडवते. कितीही कठीण पोलाद असो, डाय तंतोतंत कापली जाते. ठिणगीने धातू कोरण्याची ही विद्या १९४३ च्या सुमारास सोव्हिएत रशियात बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या पती-पत्नींनी उभी केली. तारेची मशीन त्यानंतर आली.

प्रथम तांब्याची तार वापरत, पुढे पितळेची आली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळते, तांबे १०८५ अंशांना नुसते वितळते. ठिणगीच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, ती उष्णता घेऊन जाते, तार तुटण्यापासून वाचते आणि फटीतला कचराही निघतो. म्हणून जस्त जितके जास्त तितके काम वेगात. पण अडचण अशी की, पितळात जस्त चाळीस टक्क्यांच्या वर गेले की ते कडक आणि ठिसूळ होते, त्याची बारीक तार ओढणे कठीण. मग युक्ती निघाली : आत ओढता येईल असे पितळ आणि जास्तीचे जस्त फक्त वरच्या थरात.

आता कायदा. १९७० च्या पेटंट कायद्याला तीन गोष्टी लागतात. वस्तू किंवा कृती नवी हवी, उद्योगात उपयोगी हवी आणि तिच्यात शोधाची पायरी हवी. म्हणजे त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी ती नसावी. 'नवे' आणि 'न सुचणारे' यांत फरक आहे, आणि सगळी लढाई तेथेच होते.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, तोही पितळी भांड्यांचाच! मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या एका कारखान्याने, हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने, चरकावर भांडे घट्ट धरण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ साली अर्ज करून मिळवले. गावातल्याच बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशी वाद झाला. १९७८ साली न्यायालयाने ते पेटंट रद्दच ठरवले. जुन्याच साधनात कारागिराला सहज जमेल असा फेरफार म्हणजे शोध नव्हे, हे त्यातले सूत्र.

आमच्या तरुणाचा प्रश्न येथे सुटतो. पितळेवर जस्त चढवणे एवढेच म्हणून आज कोणालाही नवे पेटंट मागता येणार नाही. ते आता सर्वांना ठाऊक आहे. पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षे, नंतर ते ज्ञान सर्वांचे. पण थर किती जाड, कोणत्या तापमानाला भाजून जस्त पितळात किती मुरवले आणि त्याने जाणकारालाही अनपेक्षित असा कोणता फायदा झाला, हे आकड्यांनिशी दाखवले तर तो शोध ठरू शकतो. कल्हई आणि ही तार यांत साम्य थराचे आहे. थराने सोडवलेला प्रश्न मात्र वेगळा आहे.

हे आपल्या घरांत सांगायचे कारण काय? मशीनपाशी दहा-दहा तास उभी राहणारी मुले आपली आहेत. तार कोठे तुटते, कशाने वाचते, हे त्यांच्या हातांना साहेबांच्या आधी कळते. आमच्या माहितीतल्या एका कामगाराने अशीच एक सुधारणा कारखान्यात सर्वांना दाखवली. चहापाणी झाले, टाळ्या पडल्या, कागदावर त्याचे नाव कोठेही आले नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. सुचलेले तारखेनिशी वहीत लिहा. अर्जाआधी बाजारात दाखवू नका. एकदा जगजाहीर झाले की नवेपणा जातो. काम अपुरे असेल तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो, पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आणि तपासणीची ४००० रुपये. वकिलाचा खर्च वेगळा. पुण्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयाकडे जातात. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीतच लागतो. मराठी चालत नाही, याची खंत आम्हांला आहे.

नोकरीत असताना लागलेला शोध कोणाचा, हे आपल्याकडे बहुधा नेमणुकीच्या करारावर ठरते. म्हणून सही करण्याआधी तो वाचा. मालकी कंपनीकडे गेली तरी शोधकर्ता म्हणून आपले नाव पेटंटात लिहिले जावे, अशी मागणी कलम २८ प्रमाणे करता येते. त्याने पैसा मिळत नाही, पण नाव राहते. आणि कोणी जुनीच गोष्ट नवी म्हणून बळकावू पाहत असेल, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. लहान वर्कशॉपवालाही.

कल्हईवाल्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. भोसरीच्या त्या मुलाला आम्ही दोनशे पानी वही घेऊन दिली आहे. पहिल्या पानावर त्याने तारीख आणि स्वतःचे नाव लिहिले.