एकुआँचा प्रासाद : कन्याशाळेच्या भिंती आणि अभ्यासक्रम

पॅरिसच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर एकुआँ येथील टेकडीवर सोळाव्या शतकातील एक दगडी प्रासाद उभा आहे. फ्रान्सचा सरसेनापती आन द मोंमोरांसी याने १५३८ च्या सुमारास त्याचे बांधकाम आरंभिले. मध्ये प्रशस्त चौक, सभोवती इमारती आणि बाहेर खंदक अशी त्याची रचना आहे. आतील चुलाण्यांवरील चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. मायकेलअँजेलोचे ‘दास’ हे दोन पुतळे, जे आज लूव्र संग्रहालयात आहेत, एके काळी याच वास्तूच्या कोनाड्यांत होते. सत्ता आणि संपत्ती यांच्या प्रदर्शनासाठी उभारलेली ही वास्तू पुढे कन्याशाळा झाली, ही घटना स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात लक्षणीय होय.

फ्रेंच राज्यक्रांतीत हा प्रासाद सरकारजमा झाला. ऑस्टरलिट्झच्या विजयानंतर, १५ डिसेंबर १८०५ रोजी, नेपोलियनने ‘लीजन ऑफ ऑनर’ या सन्मानाच्या मानकऱ्यांच्या कन्यांसाठी शिक्षणगृहे स्थापण्याचा हुकूम काढला. त्यांपैकी पहिले एकुआँ येथे निघाले. मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाने पत्करावी, हे त्या काळी लहान पाऊल नव्हते. तथापि जबाबदारी पत्करणे आणि विद्येचे द्वार उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१८०७ च्या मे महिन्यात फिंकेनश्टाइन येथील लष्करी मुक्कामावरून नेपोलियनने या शाळेविषयी एक सविस्तर टिपण धाडले. धर्मशिक्षणास त्यात अग्रस्थान होते. लेखन, अंकगणित, मातृभाषा, थोडा इतिहास व भूगोल एवढे पुरे. लॅटिन नको, परभाषा नकोत. दिवसाचा मोठा भाग शिवणकाम व तत्सम हस्तकामांत जावा, असा त्याचा आशय होता. विचार करणारी नव्हे, तर श्रद्धाळू व आज्ञाधारक गृहिणी घडावी, हा त्याचा हेतू होता. याच नेपोलियनच्या राजवटीत १८०२ साली स्थापन झालेल्या मुलांच्या ‘लिसे’ या शाळांत मात्र लॅटिन व गणित हे शिक्षणाचे मुख्य आधार मानले गेले होते. हा भेद साधनांच्या अभावातून आलेला नव्हता; तो योजनेतच होता.

शाळेच्या प्रमुखपदी मादाम काम्पाँ (१७५२–१८२२) यांची नेमणूक झाली. राणी मारी आंत्वानेतच्या सेवेत वावरलेल्या या विदुषीने क्रांतीच्या धामधुमीत निर्वाहासाठी साँ-जेर्में-आँ-ले येथे मुलींची शाळा काढली होती. जोसेफिनची कन्या ओर्तांस तेथेच शिकली. काम्पाँ यांनी राजसत्तेशी वाद मांडला नाही. मात्र मुलींचे शिक्षण हा स्वतंत्र चिंतनाचा व व्यवस्थित पद्धतीचा विषय आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा शिक्षणविषयक ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८२४ साली, प्रसिद्ध झाला.

१८१४ मध्ये नेपोलियनची सत्ता ढळली. प्रासाद जुन्या मालकांच्या घराण्याकडे, म्हणजे काँदे राजपुत्राकडे, परत गेला आणि शाळा बंद पडली. विद्यार्थिनींना साँ-दनी येथील भगिनीशाळेचा आश्रय मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकुआँ येथे शाळा पुन्हा सुरू झाली व १९६२ पर्यंत चालली. १९७७ पासून तेथे फ्रान्सचे राष्ट्रीय प्रबोधनकालीन संग्रहालय आहे. साँ-दनी येथील शाळा मात्र आजही चालू आहे.

फ्रान्समध्ये मुलींच्या शासकीय माध्यमिक शाळांचा कायदा १८८० साली झाला आणि मुलामुलींचा माध्यमिक अभ्यासक्रम समान करणारा आदेश निघण्यास १९२४ साल उजाडावे लागले. प्रासाद मुलींच्या स्वाधीन करण्यास एक हुकूम पुरला. मुलांना जे शिकविले जाते ते मुलींनाही शिकविण्यास त्यानंतर ११९ वर्षे लागली. एखाद्या कन्याशाळेचे मोल तिच्या वास्तूच्या वैभवावरून ठरत नाही. त्या वास्तूत काय शिकविले जाते आणि काय शिकविण्याचे टाळले जाते, यावरूनच ते ठरते.