अंगठा वर ओढा पाहू!

कंबरेतून पायात कळ जाते म्हणून रुग्ण येतो आणि डॉक्टर त्याचे दोन्ही अंगठे धरतात. "वर ओढून ठेवा. मी खाली दाबतो, दाबू देऊ नका." दोन्ही एकदम दाबले की डावं-उजवं लगेच कळतं. एक ताठ राहतो, दुसरा सहज वाकतो. अंगठा वर ओढणारा स्नायू मुख्यतः कंबरेच्या पाचव्या मज्जातंतूमुळावर, एल-५ वर चालतो. त्यामुळे संशय प्रथम चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीवर जातो.

पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. एका स्नायूला बहुधा दोन-तीन मुळांचा पुरवठा असतो, म्हणून तपासणीसाठी एकाच मुळावर जास्त भिस्त असलेली हालचाल निवडतात. मनगट वर उचलणं मानेच्या सहाव्या मुळाचं, कोपर सरळ करणं सातव्याचं. जोर ० ते ५ असा मोजतात. ही श्रेणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये रूढ केली. नुसता स्नायू आखडला तर १, स्वतःचं वजन पेलून अवयव वर उचलला तर ३.

पोटरी मात्र हाताने जोखता येत नाही. ती इतकी दणकट असते की थोडी कमजोर झाली तरी डॉक्टरच्या हाताला भारी पडते. म्हणून रुग्णाला एका पायावर उभं करून पुन्हा पुन्हा टाच उचलायला लावतात. एल-५ च्या लगेच खालचं एस-१ मूळ दबलं असेल तर त्या बाजूची टाच लवकर थकते.

'एमआरआय काढलाय, मग हे कशाला?' असं अनेकांना वाटतं. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्क्यांमध्ये किमान एक गादी फुगलेली आढळली. चित्रात दिसणारी गादीच दुखण्याचं मूळ आहे का, हे ठरवायला हाताने केलेली तपासणी लागतेच. ती टाळणं मला धोक्याचं वाटतं.

पाऊल लुळं पडलेल्या रुग्णात तर ती निर्णायक ठरते. एल-५ दबलं तरी पाऊल लोंबतं. आणि फार वेळ उकिडवं बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबली तरी लोंबतं. मग डॉक्टर पाऊल आत वळवायला सांगतात, कुशीवर झोपवून मांडी वर उचलायला लावतात. या दोन्ही हालचालींना एल-५ लागतं, गुडघ्याजवळची ती नस लागत नाही. दोन्हींत पूर्ण जोर असेल तर दोष बहुधा गुडघ्यापाशी असतो, आणि अशा वेळी कंबरेची शस्त्रक्रिया करून पाऊल उचललं जाणार नाही.